एक प्लॉट, तीन दावेदार

शहराला संस्कृती द्यायची असं एकदा ठरलं की महापालिका आधी प्लॉट शोधते. संस्कृतीचं पुढे बघता येतं, प्लॉट मात्र हातचा जातो. विकास आराखड्यात कुठेतरी 'सार्वजनिक सुविधा' असं मोघम आरक्षण पडलेलं असतं. त्यावर सध्या अर्ध्या भागात पे अँड पार्क, कोपऱ्यात कुंड्या विकणारा आणि मागच्या अंगाला एका मंडळाच्या मांडवाचा सांगाडा असतो. या प्लॉटवर तिघांचा डोळा असतो. पहिले वाचनालयवाले. यांच्या जुन्या इमारतीचा जिना हलतो आणि कार्यकारिणी हलत नाही. दुसरे चित्रकार. यांना शहरात प्रदर्शन भरवायला जागा नाही. लग्नतिथी नसलेल्या आठवड्यात मंगल कार्यालय मिळतं, तेही भिंतीला खिळा न ठोकण्याच्या अटीवर. तिसरे तंत्रज्ञानवाले. हे नवे. यांची मागणी अशी काही नसते, यांच्याकडे निधी असतो. वरून आलेला आणि एकतीस मार्चच्या आत संपवायचा.

एकाला प्लॉट दिला तर उरलेले दोघे उपोषणाला बसतात. मग एखाद्या हुशार आयुक्ताला सुचतं की तिघांना एकत्रच बसवावं. वडिलोपार्जित जमिनीवर तीन भावांनी मिळून एकच घर बांधावं, तसला हा प्रकार. खाली कोण, वर कोण आणि जिना कोणाच्या हिश्शाचा, एवढ्या तीन प्रश्नांवर पुढची दहा वर्षं आरामात निघतात. प्रकल्पाच्या गुळगुळीत पुस्तिकेत मात्र 'ज्ञान, कला आणि तंत्रज्ञान यांचा त्रिवेणी संगम' असं छापलेलं असतं. त्रिवेणी म्हटलं की तिसरी नदी गुप्त असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथली गुप्त नदी कोणती, ते बांधून झाल्यावर कळतं.

हे आपल्याच नशिबी आलंय असं समजून कुणी हळहळू नये. जपानमधल्या सेंदाई शहरापुढे १९९०च्या दशकात हाच पेच होता. नागरिकांच्या चित्रप्रदर्शनांसाठी गॅलरी हवी होती. एक ग्रंथालय जुनं झालं होतं, त्याला नवी जागा हवी होती. दृक्‌श्राव्य शिक्षणाचं केंद्र हवं होतं. शिवाय अंध आणि कर्णबधिर नागरिकांसाठी माहितीची सोय हवी होती. म्हणजे आपल्यापेक्षा एक दावेदार जास्तच. आणि प्लॉट एक, तो बस डेपोचा. आपल्याकडे बस डेपोच्या प्लॉटवर काय उभं राहतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात पुस्तकं विकणारं दुकान असलंच तर तिसऱ्या मजल्यावर, खेळण्यांच्या मागे असतं.

सेंदाईनं १९९५ साली इमारतीच्या आराखड्यासाठी खुली स्पर्धा घेतली. परीक्षकांचे अध्यक्ष आराता इसोझाकी. २३५ प्रवेशिका आल्या आणि तोयो इतो जिंकले. इतोंनी सुरुवातीला काढलेल्या रेखाटनात पाण्यात डोलणाऱ्या समुद्री शेवाळासारख्या नळ्या होत्या आणि त्यांच्यात तरंगणारे सपाट मजले. खांब म्हणून तेरा पोकळ, जाळीदार नळ्या. त्यांच्यातूनच जिने, लिफ्ट, वारा आणि उजेड वरखाली जाणार. सात मजले, आणि आत भिंती जवळजवळ नाहीतच. आमच्या स्थायी समितीपुढे कुणी शेवाळाचं चित्र ठेवलं असतं, तर ते शेरा मारून ड्रेनेज विभागाकडे गेलं असतं. जपान्यांनी ते बांधलं. पोलादाच्या जमिनी जोडायला जहाजबांधणीतलं वेल्डिंगचं कसब वापरलं आणि जानेवारी २००१मध्ये इमारत उघडली. झेलकोव्हाच्या झाडांच्या रांगेमागे ती काचेची पेटी अजून उभी आहे. ती उभी राहिली हे विशेष का, ते पुढे सांगतो.

अशा इमारतीच्या आर्किटेक्टची मला मनापासून दया येते. तिन्ही पक्षांच्या संयुक्त बैठकीला त्याला बसावं लागतं. ग्रंथपालांना उजेड हवा असतो, पण ऊन नको. उन्हानं कागद पिवळा पडतो आणि बाइंडिंगचा रंग उडतो. चित्रकारांनाही उजेड हवा असतो, पण तो उत्तरेचा, दिवसभर एकसारखा. संगणकवाल्यांना उजेड मुळीच नको, तो पडद्यावर पडतो. त्यांना थंडी हवी. भिंतींचं त्याहून अवघड. ग्रंथपाल म्हणतात, कपाटं लावायला भिंत द्या. चित्रकार म्हणतात, चित्रं लावायला द्या. तंत्रज्ञानवाला तरुण असतो, तो म्हणतो की सर, भिंती कशाला, सगळं ओपन ठेवू, फक्त भरपूर प्लग पॉइंट द्या. प्लग पॉइंट भिंतीत असतात हे त्याला कुणीतरी हळूच सांगावं लागतं.

मग वजनाचा मुद्दा येतो. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार येईल असं धरून हिशेब करतात. ग्रंथभांडाराला तोच आकडा ६००च्या घरात जातो, आणि कपाटं उंच असली तर आणखी वर. आपलं साहित्य वजनदार आहे असं समीक्षक नुसतं म्हणतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर त्यासाठी सळया वाढवतो. त्यातून मराठी वाचनालय असेल तर जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे असतात. ते कुणी मागत नाही आणि रद्दीत घालू म्हटलं तर वार्षिक सभा मध्यरात्रीपर्यंत चालते. एवढं ओझं वर कशाला, तळघरात ठेवा, अशी सूचना हटकून येते. ती करणारा माणूस बहुधा जूनपूर्वी बोललेला असतो. २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. तळघर ही जागा गाड्यांना द्यावी. गाड्यांचा विमा असतो.

या सगळ्या खटाटोपाचं आद्यपीठ म्हणजे पॅरिस. तिथे मोठं, कुणालाही आत येऊ देणारं ग्रंथालय हवं अशी योजना १९६०च्या दशकापासून जागेच्या शोधात फिरत होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांना आधुनिक कलेचं भव्य केंद्र हवं होतं. शिवाय पिएर बूलेझ हे संगीतकार देश सोडून गेले होते. त्यांना परत आणायचं तर संगीत आणि ध्वनितंत्र यांच्या संशोधनाची एक संस्था देणं भाग होतं. प्लॉट एकच, बोबूर नावाचा. तिथली रोगट वस्ती कधीच पाडून टाकलेली आणि मोकळ्या जागेवर गाड्या लागत. म्हणजे पे अँड पार्क तिथेही होतंच. तिघांना एकत्र केलं. बूलेझ यांच्या संस्थेला शेजारीच जमिनीखाली जागा दिली. प्रायोगिक संगीत जमिनीखाली ठेवण्याच्या या निर्णयामागे शांततेची गरज होती, असं सांगतात. शांतता कुणाची, याबद्दल माझा तर्क वेगळा आहे.

१९७१च्या स्पर्धेत ६८१ प्रवेशिका आल्या. जिंकले रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स, दोघेही चाळिशीच्या आतले आणि फारसं कुणाला ठाऊक नसलेले. रॉजर्स यांचा तर स्पर्धेत उतरायलाच विरोध होता. सहकाऱ्यांपुढे त्यांचं चाललं नाही. नकाशे पाठवायची वेळ आली तेव्हा गुंडाळी पोस्टाच्या नियमापेक्षा लांब निघाली, म्हणून तिथल्या तिथे कात्रीनं कडा कापून ती बसवली, अशी गोष्ट सांगितली जाते. फ्रान्सच्या राजधानीचं सांस्कृतिक भवितव्य पोस्टातल्या खिडकीवर दोन बोटं कमी झालं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पोस्टाची खिडकी जगात सगळीकडे एकच आहे असा तिच्यातून धीर येतो.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्लॉटच्या निम्म्या भागावर काही बांधलंच नाही, नुसतं पटांगण सोडलं. एफएसआय उरलेला असताना मोकळी जागा सोडणाऱ्या माणसाला आपल्याकडे बिल्डर असोसिएशनच्या स्नेहसंमेलनाला बोलावत नाहीत. दुसरं म्हणजे आतले मजले खांबाविना मोकळे राहावेत म्हणून इमारतीचं पोटातलं सगळं बाहेर काढून लावलं. निळे पाइप हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे आणि लाल रंग माणसांच्या ये-जा करण्याचा. आपल्याकडे इमारतीबाहेर असे पाइप दिसले तर बिल्डर अर्धवट सोडून पळाला असं समजतात. पॅरिसच्या लोकांचंही साधारण तेच मत पडलं. रॉजर्स सांगत की इमारतीजवळ एका बाईनं आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरली होती. ही इमारत मीच केली असं ते बोलून गेले, तेव्हा त्याच छत्रीचा तडाखा त्यांना मिळाला. नागरिकांचा सहभाग म्हणतात तो हा. आपण त्यासाठी हरकती व सूचनांचा तीस दिवसांचा कालावधी ठेवतो.

३१ जानेवारी १९७७ला केंद्राचं उद्‌घाटन झालं. पाँपिदू तोवर वारले होते, त्यामुळे नाव त्यांचंच दिलं. पॅरिसकर अजून बोबूरच म्हणतात. रोज आठेक हजार माणसं येतील असा अंदाज होता. आली त्याच्या कितीतरी पट. कलेची एवढी भूक पाहून सरकार सुखावलं असेल, पण जरा बारकाईनं बघितलं तर लोकांची मोठी रीघ ग्रंथालयात होती. तिथे कार्ड नव्हतं, अनामत नव्हती, ओळखपत्र नव्हतं. पुस्तक घरी नेता येत नसे, पण रात्री दहापर्यंत हवा तितका वेळ बसता येई. विद्यार्थी आले, परदेशातून आलेले कामगार कॅसेट लावून भाषा शिकायला आले, ज्यांना घर नव्हतं ते ऊब घ्यायला आले. आणि उरलेले? दर्शनी भागावर काचेच्या नळीतून तिरका वर चढणारा सरकता जिना होता. तो फुकट होता. वर गेलं की सगळं पॅरिस पायाशी, आयफेल टॉवरसकट. आधुनिक कलेकडे पाठ करून हजारो लोक नुसते वर जाऊन खाली येत. गुप्त नदी ती हीच. कोट्यवधी फ्रँक खर्चून सरकारनं एक उत्तम जिना बांधला होता.

पुढे केंद्र दुरुस्तीला काढलं आणि २०००च्या पहिल्या दिवशी परत उघडलं, तेव्हा प्रशासनाला अक्कल आली. जिन्याला तिकीट लागलं आणि ग्रंथालयाला मागच्या रस्त्यानं वेगळं दार करून दिलं. पुढच्या दारानं पर्यटक, मागच्या दारानं वाचक. संगम झाला, पण दारं वेगळी. आता २०२५पासून ते पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, २०३०पर्यंत. पाइप बाहेर लावले की दुरुस्तीला सोपं पडतं, असं मूळ म्हणणं होतं.

बर्मिंगहॅमची गोष्ट लहान आहे, पण आपल्या नगरसचिवांनी ती फ्रेम करून लावावी. तिथे १९७४चं काँक्रीटचं ग्रंथालय होतं. ते पाहून तेव्हाचे युवराज चार्ल्स म्हणाले होते की ही जागा पुस्तकं ठेवायची कमी आणि जाळायची जास्त वाटते. शेवटी महापालिकेनं १८ कोटी ८८ लाख पौंड खर्चून नवं ग्रंथालय उभारलं. सोनेरी-काळ्या धातूच्या वर्तुळांची नक्षी, छपरावर बाग, आत प्रदर्शनाचं दालन. सप्टेंबर २०१३मध्ये मलालाच्या हस्ते उद्‌घाटन झालं. दोन वर्षांच्या आत पैसे संपले. आठवड्याला ७३ तास उघडं असणारं ग्रंथालय ४० तासांवर आणलं, आणि शहरातल्या ग्रंथालयांत 'नवी पुस्तकं दान करा' अशा सूचना लागल्या. इमारतीचा खर्च भांडवली असतो आणि पुस्तकांचा महसुली. कोनशिला भांडवली खर्चातून बसते. रविवारी दार उघडायला जो शिपाई लागतो, तो महसुली असतो, आणि त्याचं उद्‌घाटन करता येत नाही.

आता तिसरा भाऊ, तंत्रज्ञान. इतर दोघांच्या मानानं हा फार लवकर म्हातारा होतो. पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक आज उघडता येतं, चित्र आज पाहता येतं. वीस वर्षांपूर्वीचा 'अद्ययावत संगणक कक्ष' मात्र ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल. दाराबाहेर 'पादत्राणे येथे काढावीत' अशी पाटी. आत शहरातला पहिला सरकारी एसी. टेबलांवर संगणक, आणि प्रत्येकावर फुलाफुलांचं कव्हर, झालर लावलेलं. कीबोर्डाला वेगळं, माउसला वेगळं. कक्षाची चावी ज्यांच्याकडे असे ते साहेब दौऱ्यावर असत. त्यामुळे यंत्रं दीर्घायुषी झाली. ती बाद झाली तेव्हा नवीकोरी होती. आज आराखड्यात तिथे 'व्हर्च्युअल रिॲलिटी झोन' लिहिलेलं असतं. कव्हर कोण शिवणार, एवढंच ठरायचं आहे.

शिवण्यावरून आठवलं. हेलसिंकी शहरानं डिसेंबर २०१८मध्ये उघडलेल्या ओदी या मध्यवर्ती ग्रंथालयात शिलाई मशीनं ठेवली आहेत. संसदेच्या समोरच्या बाजूला, लाकडानं मढवलेली लाटेसारखी इमारत. आत थ्रीडी प्रिंटर आहे, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ आहेत, भाड्यानं मिळणारं स्वयंपाकघर आहे, आणि पुस्तकं एक लाखाच्या आसपास, सगळ्यात वरच्या मजल्यावर. फिन्निश मंडळी आहेत म्हटल्यावर सुरुवातीच्या चर्चेत सौनाही होती, ती पुढे गळली. नावासाठी सूचना मागवल्या तर दीड हजारांवर नावं आली आणि तरीही कुणाच्या नावाचा मोर्चा निघाला नाही. यावरून तिथली लोकशाही किती कच्ची आहे ते दिसतं. पण थ्रीडी प्रिंटर दाखवायला पाहुण्यांना फिरवतात तेव्हा शेजारी पडदे शिवणारी, पँट आखूड करणारी माणसं आपापली वेळ धरून बसलेली असतात, हे मला फार पटतं. यंत्र तेच टिकतं, ज्याच्याकडे माणूस घरून कापड घेऊन येतो.

आणि सेंदाई. ११ मार्च २०११ला ९च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. त्या शेवाळाच्या तेरा नळ्या डोलल्या, सातव्या मजल्याचं छत काही भागात कोसळलं, पण इमारत उभी राहिली. मे महिन्याच्या सुरुवातीला तिचा काही भाग उघडला. मग तिथे भूकंप आणि त्सुनामीच्या आठवणी नोंदवण्याचं केंद्र सुरू झालं. सामान्य माणसांनी तिथले कॅमेरे घेतले, आपल्या गल्लीचं, शेजाऱ्यांचं बोलणं टिपलं आणि आणून ठेवलं. दृक्‌श्राव्य विभाग कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर त्या इमारतीला दहा वर्षांनी मिळालं. अंदाजपत्रकात ते लिहिता आलं नसतं. इथे विनोद करण्यासारखं काही नाही, पुढे जाऊ.

आपल्याकडे हा एकत्र संसाराचा प्रयोग नवा आहे असं म्हणणारे सल्लागार महाराष्ट्रात फिरलेले नसतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. त्याच संस्थेकडे पुस्तकं आहेत, वस्तुसंग्रहालय आहे आणि नाट्यगृहही आहे. कुठल्याही जुन्या गावात जा, वाचनालयाच्या इमारतीत खाली देवघेव विभाग, पुढे मुक्तद्वार वाचनालय, वर सभागृह. त्या सभागृहात वसंतात व्याख्यानमाला, श्रावणात मंगळागौर, गणपतीत रांगोळी प्रदर्शन आणि उरलेल्या दिवसांत 'फक्त तीन दिवस' साड्यांचा सेल. साड्यांच्या भाड्यावर कादंबऱ्या विकत घेतल्या जातात. कलेनं ज्ञानाला पोसल्याचं याहून सरळ उदाहरण मला पॅरिसमध्येही सापडलेलं नाही.

आमच्या शहरातही आता असं केंद्र होणार आहे. शहराचं नाव सांगत नाही, प्रत्येकाला आपलंच वाटेल. आराखड्याचं सादरीकरण झालं तेव्हा सभागृह भरलं होतं. काजूकतली असल्याची बातमी आदल्या दिवशीच फुटली होती. पडद्यावर भावी इमारतीचं चित्र आलं. काचेची, तिरपी, संध्याकाळच्या उजेडात चमकणारी. पुढच्या चौकात मेपलची झाडं. उंच टाचांच्या सोनेरी केसांच्या बायका हातात कागदी कप घेऊन चाललेल्या, एक मुलगा लाल फुगा धरून उभा, एक साहेबी कुत्रं. स्कूटर एकही नाही. एका नगरसेविकेनं बराच वेळ निरखून विचारलं, "ही माणसं कोणत्या प्रभागातली?"

आर्किटेक्ट तरुण होता, घाम पुसत होता. मुक्तद्वारात रोज सकाळी सगळे पेपर क्रमानं वाचणारे एक काका उभे राहिले.

"पेपर कुठे वाचायचे?"

"काका, तळमजल्यावर डिजिटल वॉल आहे. सगळे पेपर स्क्रीनवर दिसतील."

"मग शब्दकोडं कशावर सोडवायचं?"

"रोज कोण सोडवून ठेवतं ते आज कळलं," मागून आवाज आला आणि पाच मिनिटं सभेचं कामकाज थांबलं.

मग स्पर्धा परीक्षेची मुलं उठली. ही वाचनालयातलं एकही पुस्तक मागत नाहीत. स्वतःची पुस्तकं, स्वतःची बाटली, स्वतःची उशी घेऊन सकाळी सहाला येतात आणि इमारत खऱ्या अर्थानं तीच वापरतात. नकाशात अभ्यासिका नावाची खोलीच नव्हती. तिच्या जागी 'को-वर्किंग लाउंज' होतं आणि त्यात रंगीत बीनबॅग.

"सर, यावर सहा तास बसून दाखवा," एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला.

चित्रकारांचा मुद्दा गोल भिंतीवर सपाट चौकट कशी टांगायची हा होता. त्यावर आर्किटेक्टनं न्यूयॉर्कमधल्या गुगनहाइमचं नाव घेतलं. तिथेही चित्रकारांनी हेच विचारलं होतं, असं आमच्या ड्रॉइंगच्या निवृत्त सरांनी जागेवरूनच सांगितलं. शेवटच्या रांगेतून ग्रंथपालबाई उठल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्या सभेत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "पुस्तक खरेदीची तरतूद कितीची आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. सल्लागारांनी पानं चाळली. व्हर्च्युअल रिॲलिटी झोनची होती, लेझर शोची होती, प्रवेशद्वारावरच्या पुस्तकाच्या आकाराच्या कारंज्याची होती. "ते सेकंड फेजमध्ये घेऊ, मॅडम," ते म्हणाले.

माझी गुप्त नदी मला त्याच सभेत सापडली. एका आजींनी विचारलं की बाजारात येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह आहे ना, आणि ते उघडं असेल ना. सभागृहात इतकी टाळी दुसऱ्या कशालाच पडली नाही. बोबूरला लोक जिन्यासाठी गेले, आमच्याकडे याच्यासाठी येतील आणि येता येता दोनचार जण चित्रंही बघतील, एखादी मुलगी पुस्तक उचलेल. आर्किटेक्टनं नकाशात बोट फिरवून जागा दाखवली. ती होती, चांगली प्रशस्त होती. त्यावर अधिकाऱ्यांनी ती कुणाच्या ताब्यात राहील असा तांत्रिक मुद्दा काढला, आणि वाचनालय, कलादालन, तंत्रज्ञान कक्ष या तिन्ही विभागांचे प्रतिनिधी त्या दिवशी पहिल्यांदा एकमतानं म्हणाले की आमच्या नको.

इतिवृत्त परवा घरी आलं. विषय क्र. १, केंद्राचे नामकरण: सतरा प्रस्ताव प्राप्त, उपसमिती नेमली. विषय क्र. २, कोनशिलेवरील नावांचा क्रम: मंजूर. विषय क्र. ३, स्वच्छतागृहाची चावी कोणाकडे राहील: सविस्तर चर्चा झाली, विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा.